माझा दात मशीनने पाडला नव्हता

मेडशीपासून किन्हीराजापर्यंत आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत एक गोष्ट अजून सांगितली जाते. सुखदेवचा मेहुणा कुवेतहून दात घासायची मशीन घेऊन आला आणि त्या मशीनने सुखदेवचा दात उपटून त्याच्या हातात दिला. सांगणारा हसत सांगतो आणि आपल्या पदरची भर घालतो. कोणी म्हणतो दोन दात पडले. कोणी म्हणतो मशीन तोंडात अडकली. एकाने तर मला विजेचा झटकाही बसवला. त्या मशीनला वीज लागतच नव्हती, तिच्यात टॉर्चसारखे दोन सेल घालावे लागत. पण एवढी चौकशी कोण करतो?

मागच्या उन्हाळ्यात नातवाने नवे घर बांधले, त्याचे जेवण होते. नातसुनेच्या हिरड्या सुजतात आणि डॉक्टरने तिला सेलवर चालणारा ब्रश घ्यायला सांगितले होते. पंगतीत शेजारी बसलेल्या बाईने तिला लगेच अडवले. "नोको घेऊ बाई. तुह्या आजेसासऱ्याचा दात त्याच मशीननं पाडला. इचार त्याईले."

नातसून माझ्याकडे पाहू लागली. माझ्या तोंडात घास होता. तो मी गिळला आणि मान हलवली. होय म्हणून हलवली.

ऐंशीच्या पुढे गेलेला माणूस एका पोरीला तिचे दात वाचवण्यापासून अडवतो, कशासाठी, तर आपली जुनी थाप उघडी पडू नये म्हणून. त्या दिवसापासून माझे मलाच असह्य झाले आहे. नातसुनेला मी दुसऱ्या दिवशी बोलावून खरे सांगितले. पण एकीला सांगून भागणार नाही. ज्यांनी गोष्ट ऐकली ते पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या अनेकांच्या हिरड्यांतून रक्त येत असणार. म्हणून माझ्या तोंडाच्या आजाराची हकिगत जशी घडली तशी लिहितो.

हिरडी टणक पाहिजे

सत्तरच्या दशकात मी बँड पार्टीत क्लॅरनेट वाजवत होतो. पावसाळाभर शेतात मजुरी, दिवाळीनंतर कापूस वेचणीची कामे, आणि लग्नसराई लागली की बँड. माझ्या वडिलांनी धम्मदीक्षेनंतर घरातले डफडे स्वतःच्या हाताने चुलीत घातले होते. मुलगा पुन्हा लोकांच्या वरातीपुढे चालतो हे त्यांना सहन होत नसे. मी त्यांना म्हणत असे, डफडे हुकमावर वाजवावे लागायचे. क्लॅरनेट मी ठरवून वाजवतो आणि नाही म्हणायचा हक्क माझ्याकडे आहे. त्यांना हे पटले की नाही, कळले नाही. मला मात्र ते पटवून देणे भाग होते, आणि चांगले वाजवल्याशिवाय पटवता आले नसते.

क्लॅरनेट तोंडात धरताना वरचे पुढचे दात बाजाच्या टोकावर टेकतात. खालचा ओठ पत्तीखाली, म्हणजे फुंकताना थरथरणाऱ्या वेताच्या पातळ पातीखाली असतो. सगळा भार त्या दोन-चार दातांवर. ते हलले की सूर हलला.

आमच्या पार्टीचे उस्ताद कारंज्याचे. वय झालेले, वाजवण्यात पक्के. त्यांचा एक नियम होता आणि तो आम्ही सगळे पाळत होतो. वाजवणाऱ्याने दाताला ब्रश लावायचा नाही. सकाळी गुडाखू घासायचा, म्हणजे तंबाखू आणि गुळाचे ते काळे मलम, आणि वरून तुरटीच्या पाण्याने चूळ भरायची.

"ब्रश से मसूडा नरम पडता," उस्ताद म्हणायचे. "नरम मसूडे पे बाजा टिकता क्या? चमडा कैसा कमाते, वैसा कमाना."

कातडे कमवतात तशी हिरडी कमवायची. आम्ही सगळे माना डोलवायचो. उस्तादांच्या तोंडात वरचा एकही दात उरलेला नव्हता, ते ओठ हिरडीवर दुमडून वाजवत. हे आम्हाला दिसत नव्हते असे नाही. पण आम्ही म्हणायचो, पाहा, दात गेले तरी माणूस वाजवतो, इतकी हिरडी टणक आहे. दात का गेले, हा प्रश्न एकालाही पडला नाही. आज आठवले की डोके भिंतीवर आपटावेसे वाटते.

रक्त आणि सल्ले

पहिल्यांदा रक्त पत्तीवर दिसले. वाजवून झाल्यावर पत्ती पुसली तर फडक्याला लाल डाग. मी गुडाखू वाढवला. तंबाखूने हिरडी बधिर होते, रक्त थोडे थांबते, आणि माणसाला वाटते की औषध लागू पडले. मग हिरड्या सुजल्या. मग वास सुरू झाला. दुसऱ्यांच्या तोंडाचा वास आपल्याला येतो, आपला येत नाही. मला तो यशोदामुळे, म्हणजे माझ्या बायकोमुळे कळला. बोलताना ती तोंड थोडे बाजूला करू लागली. एकदा मीच विचारले, "इकडं पाहून काहून नाही बोलत?"

"पाहून तं राह्यली," ती म्हणाली आणि तव्याकडे पाहत राहिली.

मग वरचा पुढचा एक दात हलू लागला. जिभेने ढकलला की पुढे जायचा, सोडला की मागे यायचा.

दाताचा आजार झालेल्या माणसाला जो त्रास दात देत नाही तो लोक देतात. ताप आला तर लोक म्हणतात दवाखान्यात जा. दात दुखला की प्रत्येक जण वैद्य. लवंग धर. मिठाच्या गुळण्या कर. निंबाची काडी चाव. हिंग भर. एकाने रुईचा चीक लावायला सांगितला, लावला, ओठाला फोड आला. दवाखान्यात जा असे एकानेही सांगितले नाही. उलट मीच अकोल्याचे नाव काढले की सगळे दचकायचे. "वरचा दात काढला का डोळे जातेत." हे सांगणाऱ्यांपैकी दात काढून आंधळा झालेला माणूस कोणी पाहिला नव्हता. सगळ्यांनी ऐकला होता.

मी शेवटी एक गोष्ट केली आणि ती कोणाला सांगितली नाही. यशोदाच्या शिवणाच्या डबीतला पांढरा रेशमी दोरा घेतला आणि हलणारा दात शेजारच्या दाताला बांधून टाकला. गाठ आतल्या बाजूने. बाहेरून काही दिसत नव्हते. दात स्थिर राहिला, मी वाजवत राहिलो. तोंड उघडून मोठ्याने हसायचे तेवढे सोडले.

कुवेतची मशीन

प्रल्हाद यशोदाचा धाकटा भाऊ. किन्हीराजाचा. विजेचे काम शिकून तो कुवेतला गेला, तेव्हा त्या भागातून तिकडे जाणारा तो पहिलाच असावा. पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा थेट आमच्याकडे मेडशीला उतरला. आंगणात वीस-पंचवीस माणसे जमली. रेडिओ निघेल, टेप निघेल, घड्याळ तरी निघेल म्हणून सगळे टपून बसलेले. यशोदाला साडी निघाली. माझ्यासाठी त्याने एक लांबट डबा काढला.

"हे काय होय?" मी विचारले.

"दात घासाची मशीन होय, भाऊजी. सेलवर चालते. बाईनं लिहून कळवलं होतं, तुमच्या हिरड्या दुखतेत म्हून."

आंगणात हशा उठला. मागून कोणी तरी म्हणाले, "सायबाचे हात दुखून राह्यले काय घासू घासू?" दुसरा म्हणाला, "जेवाची बी मशीन आणाची होती बाप्पा, चावाची कटकट गेली असती."

मी हसलो, पण आतून चडफडलो. माणूस समुद्रापार जातो आणि मेहुण्यासाठी दात घासायचे यंत्र आणतो. शिवाय यशोदाने माझ्या तोंडाची गोष्ट पत्रातून कुवेतपर्यंत पोचवली होती. प्रल्हाद मात्र उत्साहात होता. त्याने मशीनला पांढरा छोटा ब्रश जोडला, पेस्ट लावली आणि बटण दाबले. भुंग्यासारखा आवाज सुरू झाला. पोरे मागे सरकली.

"लावून पाहा, भाऊजी."

"मंग पाहीन."

"मंग काहून? आता पाहा. सारे बसले आहेत."

सगळे बसले होते हीच तर अडचण होती. दोरा बांधला आहे असे म्हणालो असतो तर तिथेच गोष्ट संपली असती. पण उस्ताद समोर बसलेले, पार्टीतली दोन माणसे बसलेली, आणि लग्नसराई तोंडावर. दोऱ्याने दात बांधून वाजवणारा माणूस पुढच्या हंगामात पार्टीत राहिला नसता. मी मशीन हातात घेतली. कडेने, मागच्या दातांवर फिरवू असा हिशेब केला. ते थरथरणारे केस गालाच्या आत गेले, गुदगुल्या झाल्या, हात सटकला, ब्रश पुढे आला आणि त्याचे केस दोऱ्यात अडकले. मी घाबरून मशीन ओढली.

दात दोऱ्यासकट तळहातावर पडला. रक्त पेस्टच्या फेसात मिसळून हनुवटीवरून शर्टावर आले. सगळे उठून उभे राहिले.

दोरा मी मुठीत धरला. दात दुसऱ्या हाताने वर करून दाखवला आणि म्हणालो, "पाहा, मशीननं दात पाडला."

इतकेच वाक्य. ते बोलताना मी प्रल्हादकडे पाहिले नाही, पण मला त्याचा आवाज आला. "भाऊजी, असं कसं होईन? बारक्या पोराईले देतेत तिकडं हे." कोणी ऐकले नाही. उस्ताद म्हणाले, "बोला था ना मैं, ब्रश से मसूडा नरम पडता." त्यांचा नियम सर्वांदेखत सिद्ध झाला. यशोदा भावावर ओरडली. प्रल्हाद मुक्काम करणार होता, तो संध्याकाळच्या एस.टी.ने किन्हीराजाला निघून गेला. त्या सुट्टीत तो पुन्हा आला नाही. त्यानंतरच्या सुट्ट्यांमध्येही नाही.

अकोल्याची खुर्ची

दोऱ्याने ज्या दाताला बांधले होते तो शेजारचा दातही आता हलू लागला. मीच त्याच्यावर दुसऱ्याचा भार टाकला होता. हा गेला तर क्लॅरनेट गेले, हे उघड होते. डोळ्यांच्या भीतीपेक्षा ही भीती मोठी झाली तेव्हा मी अकोल्याची गाडी धरली. आमचा वाशीमचा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यातच होता. घरी सांगितले की क्लॅरनेटच्या पत्त्या आणायला चाललो.

दाताचे डॉक्टर तरुण होते, बोलायला तुटक. बाकावर बसून माझी पाळी येईपर्यंत आत कोणी तरी कण्हत होते आणि माझ्या शेजारचा म्हातारा मला समजावत होता की काढलेला दात घरी न्यायचा, इथे सोडायचा नाही, कोणी करणी करतो. मी दोनदा उठून दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो.

डॉक्टरांनी आरसा घालून बराच वेळ पाहिले. मग एक टोकदार सळई दात आणि हिरडीच्या मध्ये घातली. ती जितकी आत गेली त्याचे मला आश्चर्य वाटले. हिरडी दाताला चिकटलेली असते असा माझा समज होता. माझी पिशवीसारखी सुटली होती.

"पायरिया आहे. इथे दोरा कोणी बांधला होता?"

दात पडल्यापासून हे विचारणारा पहिला माणूस. दाताच्या मुळाशी घासल्याची खूण होती. मी म्हणालो, मीच.

"दोरा हिरडीखाली सरकला. तिथे आणखी घाण साचली. त्या दाताला तुम्हीच घालवलं."

असे तोंडावर सांगितल्यावर राग यायला हवा होता. आला नाही. उलट सुटल्यासारखे वाटले, कारण निदान एका माणसाला तरी खरे माहीत झाले. मी विचारले, "हा शेजारचा राह्यते का? माहं पोट याच्यावर आहे." क्लॅरनेटचे सांगितले.

"माझ्या हातात थोडं आहे. जास्त तुमच्या हातात आहे," ते म्हणाले. आणि मग त्यांनी जे सांगितले ते मला जन्मात कोणी सांगितले नव्हते. दात जिथे हिरडीत शिरतो त्या काठाला रोज एक चिकट थर धरतो. त्यात जंतू असतात. चूळ भरून तो जात नाही, तुरटीने जात नाही, गुडाखूने तर त्याच्यावर पांघरूण पडते. तसाच राहिला तर त्याचे दगडासारखे कीट होते आणि हिरडी त्याच्यापासून मागे पळते. तो थर रोज मऊ केसांनी मोडावा लागतो. पेस्टने तो सैल व्हायला मदत होते, पण नुसती पेस्ट चोळून काही होत नाही, काम केसांचे. रोज मोडला की जंतूंना घर करायला फुरसत मिळत नाही.

"पण ब्रश लावला का रक्त येते, डॉक्टरसाहेब."

"रक्त येतं म्हणून ब्रश बंद करता. ब्रश बंद म्हणून रक्त वाढतं. घर झाडत नाही कारण धूळ उडते, असं झालं."

मग मी अडखळत विचारले की घरी सेलवर चालणारी एक मशीन आहे, ती चालेल का. त्यांनी ती फक्त चित्रात पाहिली होती. केस कसे आहेत ते विचारले. मऊ आहेत म्हटल्यावर म्हणाले, "मग तर उत्तम. तुमचा हात जड दिसतो. तिला काम करू द्या, तुम्ही दाबू नका. जादू नाही त्यात. हातानेही तेच होतं, फक्त माणूस कंटाळतो."

त्या दिवशी त्यांनी निम्म्या तोंडाचे कीट खरवडले. त्या आवाजाबद्दल लिहीत नाही, ज्यांना करून घ्यायचे आहे ते घाबरतील. दुखले, पण दोऱ्याची गाठ आवळताना दुखले होते त्याहून कमी. उठताना मला भोवळ आली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या कपातला चहा बशीत ओतून मला दिला आणि गार करून प्या म्हणाले. दवाखान्याची आठवण काढली की मला ती बशी आधी दिसते.

कडब्याच्या गंजीमागे

आता माझी फजिती पाहा. ज्या मशीनने दात पाडला असे मी गावभर सांगितले, तीच मला रोज वापरायची होती. यशोदाने ती रागाने गुंडाळून धान्याच्या कोठीमागे टाकली होती. मी ती चोरली. स्वतःच्या घरातून स्वतःची वस्तू चोरणारा मी एकटाच असेन. पहाटे लोटा घेऊन निघायचो, लोट्यात मशीन, खिशात पेस्ट, आणि गावाबाहेरच्या एका वावरातल्या कडब्याच्या गंजीमागे उभा राहून दात घासायचो. आवाज येऊ नये म्हणून डोक्यावरून घोंगडी. एकदा शेजारच्या वावरातून कोणी तरी ओरडले, "सुखदेव, तिथं मोहोळ हाय काय रे? दूर राह्यजो." मी तसाच फेस घेऊन खाली बसलो.

पहिल्या आठवड्यात रक्त इतके आले की डॉक्टरला शिव्या दिल्या. गुडाखू एकदम सोडला होता, त्याने डोके फिरलेले, यशोदावर विनाकारण खेकसायचो. मशीन जोरात दाबली की तिची घरघर बंद पडायची आणि ब्रश जागच्या जागी उभा राहायचा. मी चिडून आणखी दाबायचो. ती आणखी बंद. शेवटी कळले की ही बाई दाबून घेणार नाही. हलके टेकवले की चालते. डॉक्टर जे सांगून शिकवू शकले नाहीत ते तिने हट्टाने शिकवले. एकेका दाताच्या मुळाशी टेकवायची, थांबायचे, पुढे सरकायचे.

मग एका सकाळी थुंकलो तर फेस पांढरा होता. मी परत पेस्ट लावून पुन्हा घासले, विश्वास बसेना म्हणून. पांढराच.

अकोल्याला आणखी दोन-तीन फेऱ्या झाल्या. दरवेळी घरी नवी थाप, दरवेळी एस.टी. उशिरा, दरवेळी बाकावर कोणी ना कोणी डोळे जाण्याची गोष्ट सांगणारा. पण दात हळूहळू घट्ट धरू लागला. पूर्वीसारखा नाही, डॉक्टरांनी तसे आधीच सांगितले होते की गेलेले हाड परत येत नाही. पुरेसा. पडलेल्याच्या जागी त्यांनी खोटा दात बसवून दिला; घरी सांगितले की बाजारात रस्त्यावर दात बसवणाऱ्याकडून घेतला. ज्वारीची भाकर पुढच्या दाताने तोडता आली त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. यशोदा म्हणाली, "आज भूक लागली वाट्टे." बोलताना ती सरळ माझ्याकडे पाहत होती.

त्या हंगामात वाजवले. आधीपेक्षा चांगले वाजवले असे लोक म्हणाले. उस्तादांनी पाठीवर थाप मारली. "गुडाखू छोडा नहीं ना?"

"नाही, उस्ताद."

यशोदाचे दात

इथपर्यंतची हकिगत मी कधी तरी हसत सांगू शकलो असतो. पुढची नाही.

यशोदाही गुडाखू घासायची. बहुतेक बाया घासायच्या. माझ्या हिरड्या बऱ्या होत होत्या त्याच काळात तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. तिने मला सांगितले. आपल्या हाताने भावाला घराबाहेर काढणारी बाई, तिला ब्रशची धास्ती बसलेली. तरी तिने एकदा विचारले, "दुकानात साधा ब्रश भेटते, थो आणू काय? का त्यानंबी पडतेत?"

त्या क्षणी मला सगळे माहीत होते. थर, जंतू, काठ, मऊ केस. मी स्वतः त्याच सकाळी गंजीमागून घासून आलो होतो. सांगायला एक वाक्य पुरले असते. पण त्या वाक्याला दुसरे वाक्य जोडलेले होते, तुम्हाला कोठून कळले, आणि त्याला तिसरे, मग दात कशाने पडला. मी म्हणालो, "मिठाच्या गुळण्या कर. घासू नको जास्त."

तिने ऐकले. ती माझे ऐकत असे.

पुढच्या काळात तिचे दात एकेक करून गेले. पन्नाशी गाठायच्या आधी कवळी आली. कवळी तिला कधी नीट बसली नाही, टोचायची, म्हणून ती काढून ठेवायची आणि भाकर दुधात कुस्करून खायची. बोरे तिला फार आवडत. चुरमुरे, भाजलेले हरभरे, उसाचे कांडे. हे सगळे मी तिच्यासमोर खाल्ले आहे. माझे खालचे सगळे आणि वरचे बरेच दात आजही तोंडात आहेत. लोक म्हणतात, बुढ्याचे दात पाहा. यशोदा म्हणायची, त्याईचं हाडच मजबूत. ती मशीन केव्हाच मोडली, नंतर साधे ब्रश घेतले, तेही तिची कवळी येईपर्यंत लपवूनच. गुडाखू बंद पडल्याचे आणि ब्रशचे कारण घरात काही तरी सांगितले होते. एका थापेला दुसरी टेकू लागते, आणि टेकूंचे घर मजबूत दिसते.

ज्यांच्या हिरड्यांतून रक्त येते त्यांना

मी डॉक्टर नाही. पण माझ्या चुकीचे पैसे दुसऱ्याने भरले, तेव्हा एवढे सांगतो. हिरडीतून रक्त आले की ब्रश सोडू नका, दाताच्या डॉक्टरकडे जा. दात हलत असेल तर बांधू नका, लपवू नका. तंबाखूने रक्त थांबते असे वाटते, आजार थांबत नाही. सेलवर चालणारा ब्रश दात उपटत नाही. घट्ट दात कोणताही ब्रश उपटत नाही, आणि जो पडतो तो आधीच गेलेला असतो. मशीन नसेल तर साधा मऊ ब्रश घ्या, थोडी पेस्ट, आणि हिरडीच्या काठाला हलक्या हाताने घासा. तेवढेच करायचे असते. याच्यासाठी कुवेतला जावे लागत नाही. वरचा दात काढल्याने डोळे जात नाहीत. माझे चष्म्याने शाबूत आहेत.

हे लिहायला घेण्यापूर्वी दोन माणसांना तोंडाने सांगणे आले. प्रल्हादकडे किन्हीराजाला गेलो. तोही आता थकला आहे. मी सगळे सांगितले, मुठीतल्या दोऱ्यासकट.

"त्याच्यानंतर मी कोणासाठी काई आणलं नाही, भाऊजी," तो म्हणाला. "बायको म्हणे आणा, लेकरं म्हणत आणा. मी म्हणो पैसे घ्या अन् तुमीच घ्या इकत. माह्या हातानं नोको." मग त्याने सुनेला चहा ठेवायला सांगितला. चहा आला, आम्ही प्यालो, मी गाडी धरून परत आलो. हे त्यातल्या त्यात सोपे होते.

यशोदाला दुपारी सांगितले. ती ओसरीवर दूधभाकर खात होती. मी अकोल्यापासून गंजीपर्यंत सगळे क्रमाने सांगितले. ब्रश आणू काय असे तिने विचारले होते, ती दुपारही सांगितली. तिला ती आठवत होती. तिने वाटी खाली ठेवली.

"म्हंजे माहे दात राह्यले असते?"

"सारे नाही," मी म्हणालो. "बरेच राह्यले असते."

जेवण तसेच राहिले. दोन दिवस तिने मला ताट वाढले पण बसली नाही. तिसऱ्या दिवशी मी हे लिहीत होतो तेव्हा येऊन उभी राहिली.

"काय लिहून राह्यले?"

"सारं खरं."

"वाचून दाखवा."

मी वाचले, इथपर्यंत. तिने मध्ये एकदा थांबवले, बोरांच्या जागी, आणि जांभळंबी लिहा म्हणाली. प्रल्हादचे आले तेव्हा पदर तोंडाला लावला. संपल्यावर म्हणाली, "आता खाली काय लिहसान? का बुढीनं माफ केलं?"

मी म्हणालो, "तू सांगशील थे."

"तं लिहा का अजून नाही केलं. विचार करून राह्यली."

लिहिले.